पऱ्हाटीनं पाळलेली माणसं

युवाल नोआ हरारीचं ‘सेपियन्स’ मी फोनवरच वाचलं, बरंचसं पुणे-अमरावती ट्रॅव्हल्सच्या वरच्या स्लीपरवर. बाकी पुस्तक सुसाट गेलं, अडकलो ते गव्हाच्या प्रकरणात. हरारी म्हणतो, माणसानं गहू पाळला नाही, गव्हानं माणसाला पाळलं. दहा हजार वर्षांपूर्वी मध्यपूर्वेत उगवणारं एक रानगवत. त्यानं माणसाकडून दगड वेचून घेतले, तण काढून घेतलं, पाणी वाहून घेतलं, आणि आज जगातली 22 लाख चौरस किलोमीटरहून जास्त जमीन व्यापली. माणसाला बदल्यात काय मिळालं? जास्त पोरं आणि कंबरदुखी.

मी नांदगाव पेठचा. आमच्याकडे गव्हाच्या जागी पऱ्हाटी ठेवा, प्रकरण जसंच्या तसं लागू होतं.

फक्त वेळ फार कमी लागला. 1853 साली निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथल्या कापसाची जहाजं थांबली, मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या आणि भाव चढला तो आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांचा. 1865 ला युद्ध संपलं, भाव पडला, पण पऱ्हाटी हटली नाही. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. वऱ्हाडातल्या गाठी मुंबईच्या धक्क्यावर जायला लागल्या आणि ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी सरकत गेली. मग 1899-1900 चा दुष्काळ. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांच्या पुस्तकाच्या नावातच कापूस आणि दुष्काळ शेजारी बसलेत: ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’.

गव्हाला जे जमलं नाही ते पऱ्हाटीनं पुढं केलं. पूर्वी घरचीच सरकी पेरायचे. 1970 मध्ये एच-4 हा संकरित वाण आला आणि बियाणं दरवर्षी विकत घेणं आलं. 2002 मध्ये बीटी. अळी मरेल म्हणाले, काही वर्षं मेलीही. मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. 2017 मध्ये तिनं राज्यभर बोंडं पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. आमच्या घरी त्या वर्षापासून फवारणीच्या दिवशी आई दुपारी दोनदा वावरात चक्कर मारते. कारण विचारलं तर डबा द्यायला म्हणते.

ही सगळी थिअरी मी बाबांना ऐकवली. ते ऐकून घेत म्हणाले, “गहू तं खाता तरी येते बाबू. पऱ्हाटी खाता येते का?”

हरारीला हे सुचायला हवं होतं.

पण एका जागी मला त्याचं पटत नाही. तो याला फसवणूक म्हणतो. फसवला जाणारा हिशेब करत नाही, बाबा करतात. बियाणं, डवरणी, निंदण, वेचणीची मजुरी, सगळं एका जुन्या डायरीत आहे. तोटा पेनानं लिहिलेला आहे. त्याच डायरीत एका पानावर माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी आहे, आणि वर त्या साली विकलेल्या कापसाचे क्विंटल. मी आज एसीत बसून कोड लिहितो, ते त्या पानाच्या जोरावर. मग मला कोणी पाळलं म्हणायचं?

सध्या प्रश्न वेगळाच आहे. गावाशेजारी एमआयडीसी आहे, कापडाचे कारखाने आहेत, 1350 मेगावॉटचं वीजकेंद्र आहे, हायवे आहे. आमच्या चार एकरांना गिऱ्हाईक आलं. पऱ्हाटी दहा वर्षांत देणार नाही एवढा आकडा त्यानं सांगितला. मी फोनवर म्हटलं, द्या. एक्सेल शीट पण पाठवली. बाबांनी ती उघडली की नाही माहीत नाही. त्यांनी एकच विचारलं, “तू वापस येशीन का?” मी म्हटलं, बघू. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, पावसाचं बोलले.

जूनमध्ये त्यांनी बीटीची आठ पाकिटं आणली. एकराला दोन, म्हणजे चार एकरांना बरोबर तेवढीच. गिऱ्हाइकाला दिवाळीनंतर या म्हणून सांगितलंय.