टोकन देण्याआधी



धानोरीतला ७० लाखांचा टू बीएचके गुंतवणूक म्हणून घ्यायचं तुझ्या मनात आहे, आणि एजंट म्हणतो, २२,००० भाडं कुठे गेलं नाही. भाडं तेवढं येईलही. तरी हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते, म्हणजे तुला ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. घर पडलं साडेचौऱ्याहत्तर लाखांना. आता मिळकत बघ. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, की मधला महिनाभर घर रिकामं राहतंच. म्हणून अकरा महिन्यांचं भाडं धर, २ लाख ४२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,००० धरला तर वर्षाला ३६,००० गेले. महापालिका स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते, ती भाड्याच्या घराला नाही. कर, रंगकाम, नळ-गीझरची दुरुस्ती मिळून निदान ३०,००० धर. हाती राहिले १ लाख ७६ हजार. घातलेल्या पैशावर अडीच टक्केसुद्धा नाहीत! आणि ५० लाखांचं कर्ज आठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ४१,८०० च्या घरात जातो. भाडं त्याच्या जेमतेम निम्मं.

तेव्हा अशा घरातला खरा फायदा विकताना होतो, भाड्यात नाही. आणि विकताना भाव येतो तो चोख कागदपत्रांना.

त्यातही भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) पहिलं: इमारत परवानगीप्रमाणे बांधल्याचा तो दाखला. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये परवानगी पाच मजल्यांची होती आणि इमारती त्याहून कितीतरी उंच चढल्या. लोकांनी रीतसर पैसे मोजून फ्लॅट घेतले, वर्षानुवर्षं तिथे संसार केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले आणि जून २०१४ मध्ये पालिकेने अनधिकृत मजल्यांची वीज, पाणी, गॅस तोडला. बिल्डर केव्हाच बाजूला झाला होता. भरडले गेले ते राहणारे. ‘ओसी येतेय, प्रोसेसमध्ये आहे’ असं कुणी म्हणालं, तर ती येईपर्यंत थांबायचं.

दुसरा कागद इंडेक्स-टू. एका पानाचा असतो. त्यावर दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, देणार-घेणारांची नावं आणि दस्त क्रमांक असतो. तो नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः काढ. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नकोस. विकणाऱ्याच्या आधीचे मालक कोण, प्रत्येक करार नोंदलेला आहे का, बँकेचा बोजा उतरलाय का, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, हे वकिलाकडून तपासून घे. त्याची फी वाचवण्यात काही अर्थ नाही. विकणारा मालक परदेशात स्थायिक असेल (पुण्यात असे घरोघरी आहेत), तर त्याच्या रकमेतून कापायचा कर नेहमीचा एक टक्का नसतो, बराच जास्त असतो, आणि तो कापायची जबाबदारी तुझी.

बांधकाम चालू असलेली स्कीम बघायचीच झाली तर महारेराच्या संकेतस्थळावर तिची ताब्याची तारीख आणि खटले पाहा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. साध्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटीही लागतो. ओसी मिळालेल्या घराला तो नाही.

भाड्याने देताना एक गैरसमज मनातून काढून टाक. ‘अकरा महिन्यांचा करार, म्हणून नोंदणी नको’ हे महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलंय, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. उलट नोंदणी असेल, तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागता येतं. मुद्रांक शुल्क फक्त पाव टक्का आहे, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती त्याच आठवड्यात दे. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मनाला येईल तसा लावला तर २००१ चा सरकारी आदेश दाखव: सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही.

विकायची वेळ येईल तेव्हा दोन वर्षं पुरी झालेली असू देत. त्यानंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. महागाईची वजावट २३ जुलै २०२४ पासूनच्या खरेदीला मिळत नाही, म्हणून मुद्रांक शुल्काच्या आणि घरात केलेल्या पक्क्या कामाच्या पावत्या जपून ठेव. नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला तर कर वाचतो. कुणी ‘थोडी रोख द्या’ म्हणालं तर व्यवहार तिथेच सोड. २०,००० आणि त्यावरची रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि दिलेली रोख तुझ्या खरेदी किमतीत धरली जात नाही.

माझं मत विचारशील तर निम्म्याहून जास्त रक्कम स्वतःची असेल तरच हा फ्लॅट घे. तशी नसेल तर दोन वर्षं थांब, घरं कुठे जात नाहीत. आणि रविवारी टोकन द्यायला जायच्या आधी ओसी आणि इंडेक्स-टूच्या प्रती मला पाठव.

तुझा,
मामा