आमची राणी आणि तिचा हिवाळी खुराक

हिवाळा हा खुराकाचा ऋतु, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. वऱ्हाडांत दिवाळी सरली, कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या आणि पहांटे अंगणांत शेकोटी पेटूं लागली, कीं घरोघर डिंकाचे लाडू वळले जातात. माणसाला जें मानवतें तें मुक्या जनावरालाहि मानवलेंच पाहिजे, अशा समजुतीनें आम्हीं गेल्या हिवाळ्यांत जी चूक केली, ती आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मोकळ्या मनानें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचे मामा अकोल्यास टांगा हांकीत. ऑटोरिक्षा आल्या, टांग्याचीं भाडीं तुटलीं, तरी त्यांनीं आपली राणी विकली नाहीं. त्यांच्या निधनानंतर मामींना तिची उस्तवार झेपेना. म्हणून पावसाळ्याच्या प्रारंभीं राणी अमरावतीस आमच्या घरीं आली. ज्या महामार्गावर सन २०२२ च्या जून महिन्यांत १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन जागतिक विक्रम नोंदला गेला, त्याच रस्त्यानें ती टेम्पोंत उभी राहून आली. टांग्याच्या घोडीला आपल्या पायांनीं चालावयास तेथें आतां जागा उरली नव्हती. निरोप देतांना मामी एवढेंच म्हणाल्या, "बापू, तिले उपाशी नको ठेवजो."

तें वाक्य आम्हीं अक्षरशः पाळलें. सकाळीं भिजविलेले हरभरे, दुपारीं गव्हाचा कोंडा, सायंकाळीं गूळ. कडब्याला तर मोजमापच नव्हतें. शाळेंत जाणारीं मुलें डब्यांतली पोळी तिच्या तोंडांत देत. काम मात्र कांहींच नव्हतें. थंडी पडतांच आम्हीं हरभऱ्याचें माप दुप्पट केलें व तिच्या अंगावर जाड झूल घातली. राणीची पाठ रुंद झाली, मान कमानीसारखी भरली, आणि येणारा-जाणारा "घोडी छान पोसली हो!" असें म्हणूं लागला. आम्हांस त्याचा अभिमानहि वाटे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत एके सकाळीं राणी जागची हलेना. पुढचे पाय पुढें ताणून, सारा भार मागल्या पायांवर टाकून ती उभी होती. पुढच्या खुरांना हात लावला, तों ते तापलेले. हें लठ्ठपणामुळें झालें असें एका शेजाऱ्यानें सांगतांच आम्ही दुसऱ्या टोकास गेलों व तिचा चारा एकदम बंद केला. अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेंत शिकलेला आमचाच एक जुना विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं धांवून आला. रिकामी गव्हाण पाहून तो म्हणाला, "सर, आधीं हिला गवत घाला. मग बोलूं."

त्या दिवशीं शिक्षक तो होता व विद्यार्थी आम्ही होतों. घोड्याचें जठर लहान असतें. दिवसभर थोडें थोडें चरावें अशीच त्याची रचना आहे. लठ्ठ तट्टू एकाएकीं उपाशी राहिलें, तर अंगांतली चरबी रक्तांत इतकी उतरते, कीं यकृत निकामी होऊन जीवावर बेततें. उलट दाणा व गूळ यांचा अतिरेक झाला, तर रक्तांतील इन्सुलिन वाढतें आणि खुराच्या आंतील हाड धरून ठेवणाऱ्या नाजूक पापुद्र्यांना इजा होते. राणीला झालेला आजार हाच. भीमाकांठचीं भीमथडी तट्टें मराठ्यांच्या फौजेंत नांवाजलीं, तीं त्यांच्या काटकपणाबद्दल. राणीहि तशाच बुटक्या, काटक बांध्याची; अशा जनावराला बसल्याजागीं दाणा मिळाला, कीं त्याची चरबीच होते.

"पण थंडीचें काय?" आम्हीं विचारलें. त्यानें सांगितलें, कीं घोड्याला ऊब दाण्यापेक्षां चाऱ्यानें अधिक येते. तंतुमय चारा मोठ्या आंतड्यांत आंबतो व त्यांतून उष्णता निघते. अंगची चरबी व दाट हिवाळी केस हीच लठ्ठ घोड्याची झूल. कोरडी जागा व वाऱ्याचा आडोसा असला म्हणजे वऱ्हाडची थंडी त्याला पुरेशी सोसते. मात्र त्याच केसांमुळें फांसळ्या डोळ्यांना दिसत नाहींत, म्हणून त्या हातानें चाचपाव्या. सन १९८३ मध्यें अमेरिकेंतील हेनेके व त्यांचे सहकारी यांनीं मान, खांदा, बरगड्या, पाठ, शेपटीचें मूळ इत्यादि जागा तपासून १ ते ९ गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ५ गुण म्हणजे मध्यम. राणीला ८ मिळाले! अधिक गुण मिळणें वाईट, अशी ही एकच परीक्षा आम्हीं पाहिली.

मग फीत आणली. छातीचा घेर १६५ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १४० सेंटिमीटर. घेराच्या वर्गास लांबीनें गुणून ११,८८० नें भागलें, कीं अदमासें वजन निघतें. तें ३२१ किलो आलें. त्याच्या शेंकडा दीड, म्हणजे ४.८ किलो कोरडा चारा, रोज तराजूवर तोलून चार वेळां द्यावयाचा ठरला. कडब्याच्या ताटांत गोडी असते, म्हणून माळावरचें वाळलेलें गवत आणलें. तेंहि तासभर भिजवून, साखर उतरलेलें पाणी फेंकून देऊन घालूं लागलों. सोबत थोडें मीठ व क्षारमिश्रण. थंडींत घोडा पाणी कमी पितो व कोरड्या चाऱ्यानें पोट तुंबतें, म्हणून पाणी कोमट. दाणा, गूळ, पोळी बंद; झूलहि उतरली. खुरांचा दाह जाईपर्यंत मऊ पसरीवर विश्रांति व औषध, आणि त्यानंतरच रोजचें चालणें.

यांत कठीण कांहीं असेल, तर तें आमचें मन. चाऱ्याची वेळ होण्यापूर्वींच राणी खिंकाळे, आणि मामींचें वाक्य कानांत घुमे. एक लहान मुलगा सदऱ्याआड पोळी लपवून आला. "सर, आतां ती आम्हांला ओळखणार नाहीं," असें तो रडवेला होऊन म्हणाला. आम्हीं पोळी काढून घेतली व त्याच्या हातीं खरारा दिला. तो दुसऱ्या दिवशींहि आला, आणि राणीनें त्याच्या खांद्यावर मान ठेवली.

मार्चच्या आरंभीं घेर १५७ सेंटिमीटर व वजन सुमारें २९० किलो भरलें. त्याच सुमारास मामी आल्या. राणीला पाहून त्या प्रथम म्हणाल्या, "वाळली रे बापू." आम्हीं लपविलें नाहीं, सारी हकीकत सांगितली. मामींनीं बरगड्यांवरून हात फिरविला, राणीला चार पावलें चालवून पाहिलें, आणि थोड्या वेळानें म्हणाल्या, "तुहे मामाबी मापूनच टाकत."

आम्हीं त्यांना तें आधीं विचारलें नव्हतें. राणीच्या पुढच्या खुरांवर त्या आजाराची एक आडवी कड उमटली आहे. खुर वाढत वाढत ती खालीं उतरून नाहींशी व्हावयास जवळजवळ वर्ष लागेल. तोंवर रोज सकाळीं गवत तोलतांना ती आमच्या डोळ्यांपुढें असते.