आजींनी लावलेला सा

गायकाच्या मागे तंबोरा घेऊन बसणाऱ्याला हसायची मुभा नसते. गायक हसला तर मैफलीला रंग चढतो, तबलजी हसला तर श्रोते खूश होतात. तंबोरा मात्र एकदा थांबला की गाण्याच्या पायाखालची जमीनच जाते. माझ्या गुरूंनी, आम्ही त्यांना ताई म्हणतो, मला पहिल्यांदा तंबोऱ्यावर बसवलं तेव्हा एवढंच बजावलं होतं : काहीही होवो, बोट थांबता कामा नये. ‘काहीही’मध्ये काय काय येतं, ते पुढे दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या मैफलींतून कळत गेलं. मागे बसलं की गायकाची पाठ दिसते, तबलजीचा चेहरा दिसतो आणि समोरचे सगळे श्रोते दिसतात. फजितीचा क्षण येतो तेव्हा तो असा चहूबाजूंनी येतो, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही चार तारा एकामागून एक छेडत राहाव्या लागतात.

दिल्लीत हिवाळा म्हणजे मैफलींचा मोसम, आणि उघड्या हिरवळीवरच्या मैफलींचा तर खासच. ऐकणाऱ्याला शाल पांघरून बसायला मजा येते. वाद्यांचे मात्र हाल होतात. दव पडायला लागलं की तबल्याची पुडी ओल धरते, सैल पडते आणि स्वर उतरतो. तंबोऱ्याच्या तारा धातूच्या. गारठ्यानं त्या आखडतात आणि स्वर चढतो. एकाच सतरंजीवरची दोन वाद्यं अशी एकमेकांपासून लांब जायला लागतात, आणि मधे बसलेल्या गायकानं कोणाचं ऐकायचं?

संक्रांत उलटून गेल्यावर गुरुग्रामला अशीच एक मैफल होती. पुण्याहून आलेले बुवा यमनचा बडा ख्याल मांडत होते. तबल्याचा स्वर उतरतोय हे एका स्वयंसेवक मुलाच्या लक्षात आलं आणि त्यानं मोठ्या मायेनं विजेचा हीटर आणून थेट तबल्याशेजारी ठेवला. कोरड्या उष्णतेनं पुडी ताणली गेली. तबला आता आवर्तनागणिक चढू लागला. खाँसाहेब आधी गजऱ्यावर वरून हातोडी मारून स्वर चढवत होते, ते आता खालून मारून उतरवायला लागले. विलंबित एकतालात दोन मात्रांच्या मधे भरपूर जागा असते, त्यामुळे प्रत्येक ठोका सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होता. शेवटी बुवा वळून म्हणाले, “खाँसाहेब, आज तबला भी गा रहा है क्या?” खाँसाहेबांनी हातोडी खाली न ठेवता उत्तर दिलं, “अभी आरोह में है पंडितजी, अवरोह का इंतज़ार कीजिए.”

हिरवळभर हशा पिकला. बुवाही हसले, आणि त्या हसण्यानंतर त्यांनी लावलेला तीव्र मध्यम आधीच्या सगळ्या मध्यमांपेक्षा मोकळा होता. हे मी कौतुकानं वाढवून सांगत नाही. हसल्यावर छाती सैल होते, श्वास खाली उतरतो, आवाज खुलतो. कोणताही गाणारा हे सांगेल.

स्वर मिळवणं हा आपल्याकडे मैफलीचाच भाग. श्रोते त्या वेळात चहाबद्दल बोलतात, ओळखीचे चेहरे शोधतात. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्यं नुसती मिळवून घेतली, तर सभागृहानं जोरदार टाळ्या वाजवल्या! रविशंकरांनी आभार मानले आणि जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडावं, अशी आशा व्यक्त केली. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. ती चित्रफीत लागली की माझी नजर कमलाजींकडेच जाते.

गुरुग्रामची रात्र तेवढ्यावर संपली नाही. संक्रांतीनंतर इकडे लग्नाचे मुहूर्त सुरू होतात. बुवा द्रुत तीनतालात आले आणि कुंपणाबाहेरून वरात आली. बँडची पट्टी आमच्या पट्टीच्या जवळपासही नव्हती, त्याला इलाज नव्हता. पण ढोल! खाँसाहेबांनी मान तिरकी करून ढोल ऐकला. ढोलाचा घुमणारा ठोका आठ-आठ मात्रांनी येत होता, लय आमच्यापेक्षा जराशी पुढे. त्यांनी हळूहळू आपली लय त्या ढोलाला नेऊन भिडवली. बुवांनी ते ओळखलं, तान घेतली, खाँसाहेबांनी तिहाई टाकली आणि समेवर तबल्याच्या ‘धा’बरोबर बाहेरचा ढोलही दणकून वाजला. लोक खुर्च्यांवरून उठून हसत होते, दाद देत होते. ढोलवाल्याला बिचाऱ्याला काही कल्पनाच नाही! पुढची तीन-चार आवर्तनं तो आमचा साथीदार होता. मग वरात वळली आणि सम आमच्याकडे ठेवून निघून गेली.

काही जाणकार मंडळींना मैफलीतलं असं हसणं आवडत नाही, आणि त्यांचा राग मला समजतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गाणाऱ्याला समाजात मान नव्हता. तो मिळवायला शिस्त लागली, वेळेवर सुरू होणारा कार्यक्रम लागला, शांत बसणारे श्रोते लागले. दिल्लीतलं गांधर्व महाविद्यालय १९३९ पासून त्याच वाटेनं चालत आलं आहे, आणि माझ्यासारख्या करोल बागेत वाढलेल्या मुलीला गाण्याची गोडी लागली ती अशा माणसांच्या कष्टांमुळेच. ती शिस्त मला प्रिय आहे. पण हसणारा श्रोता बेशिस्त असतो हे मला पटत नाही. ढोल समेवर आला म्हणून हसण्यासाठी आधी सम कळावी लागते. मुख्य पाहुणा ख्यालाच्या मध्यावर हारतुऱ्यांसकट आत येतो आणि पुढचा सोफा त्याच्यासाठी रिकामा ठेवलेला असतो, बेशिस्त म्हणायची तर ती.

नोएडाच्या गणपतीत जे झालं ते मात्र सगळ्यांवर कडी करणारं. आरतीआधी, संध्याकाळ सरता सरता, बुवांनी मारवा घेतला. मारव्यात पंचम नाही, म्हणून मी पहिली तार निषादाला लावली होती. ह्या रागात षड्जही गायक सहजी देत नाही. कोमल रिषभ, धैवत, निषाद असा भोवती फिरत राहतो, सा जवळ आल्यासारखा वाटतो आणि बाजूनं निघून जातो. बुवा तर त्या दिवशी फारच कठोर झाले होते. मांडवात कोणी हलत नव्हतं. त्यांनी निषाद लावला, लांबवला, आणि नेमकं तेव्हा दुसऱ्या कर्ण्यातून कोणी तरी सांगितलं की पांढरी स्विफ्ट फाटकात आडवी उभी आहे, प्रसादाचा टेम्पो अडलाय.

गाडी संवादिनीवाल्यांची होती. उजवा हात निषादावर ठेवून त्यांनी डावा हात भात्यावरून काढला आणि झब्ब्याच्या खिशात किल्ली शोधायला घातला. भाता रिकामा होत गेला आणि निषाद कण्हत कण्हत विझला. बुवाही थांबले. तबला थांबला. उरला फक्त तंबोरा.

आणि पहिल्या रांगेतल्या, ऐंशी कधीच ओलांडलेल्या एका आजींना ते सहन होईना. त्यांनी डोळे मिटले आणि स्वच्छ आकारात सा लावला. थरथरता, पण बरोबर तारांवर बसणारा.

मांडव हसला, पण त्याच्याही आधी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तो मला समोरून दिसला. बुवांनी हात जोडले. “आजी, मी अर्धा तास जपून ठेवला होता हो तो.”

“जपायचा तरी किती?” आजी म्हणाल्या. “माणसानं घरी यायचं की नाही?”

बुवांनी मग त्यांच्या स्वरात स्वर मिळवून सा लावला, दोघांचा मिळून. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि बोटं चालू होती. ताई बघायला हव्या होत्या. गाडी हलली, टेम्पो आत आला, मारवा पूर्ण झाला.

आरतीआधी एक अभंग घ्यायचं ठरलं. मी निषादाची तार उतरवून पंचमाला आणत होते, तेवढ्यात आजींनी नातवाकडून खुर्ची पुढे सरकवून घेतली आणि बुवांना विचारलं, “ह्यात वेळेवर येणार ना सा?”