समईची नोंद

जुने जपावे की टाकावे, या प्रश्नावर आपण वाद घालतो तो बहुधा रूढींच्या आणि वाड्यांच्या संदर्भात. माझ्यापुढे तो एका समईच्या निमित्ताने उभा राहिला.

आमचे लोधीखेडा सौंसर तालुक्यातले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून आम्ही त्या जिल्ह्यात मोडतो. माझे वडीलही वकीलच. देवळाला आलेल्या देणग्यांची वही त्यांनी सुमारे वीस वर्षांपूर्वी आपल्या संगणकावर मराठीत उतरवून घेतली होती. पुढे मूळ वही पावसात भिजून गेली. वडीलही गेले. त्यांच्या संगणकाने मान टाकण्यापूर्वी ती नोंद मी उतरवून ठेवली होती, एवढेच सुदैव.

गेल्या वर्षी विश्वस्तांनी दात्यांची नवी यादी छापण्याचे ठरविले, तेव्हा आळीतल्या एक वृद्ध काकू ओटीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, “बापू, आमच्या घरच्या समईची नोंद हाय नं तुमच्या बाबांच्या वहीत?”

“पाहून सांगतो, काकू,” मी म्हणालो आणि नव्या लॅपटॉपवर ती नोंद उघडू गेलो. पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता कालवा! देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत १९९१ साली आली खरी. परंतु आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवून काम चाले. तो मूळ टंक नसेल तर मराठीचे असे भजे होते. वडिलांची लेखनप्रणाली विंडोज एक्सपीवरच चाले, आणि तिची किल्ली, म्हणजे यूएसबीला लावावयाचा एक लहानसा खुंटा, माझ्या कपाटात होती. विंडोज एक्सपीची विकत घेतलेली तबकडीही परवान्यासह होती. परवान्याची वाट सोडून वकिलाने चालू नये!

मी तबकडी लावली. लॅपटॉपने तिची दखलही घेतली नाही. दोष कोणाचाच नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिम हा संगणकाचा कारभारी. २००१ सालचा हा कारभारी ‘बायोस’ नावाच्या जुन्या द्वारपालाला ओळखणारा. आजच्या लॅपटॉपच्या दारात ‘यूईएफआय’ उभा. आत शिरला असता तरी नव्या चकतीची भाषा त्याला कळली नसती.

तेव्हा मला आमची छोटी लाईन आठवली. नागपूर–छिंदवाडा मार्गावरची अडीच फुटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि तिथे साडेपाच फुटी रूळ आले. छोट्या लाईनचा डबा त्या रुळांवर चालणार नाही. पण मोठ्या लाईनच्या वाघिणीवर चढवला, तर तो कुठेही नेता येईल. संगणकातही अशी वाघीण असते. व्हर्च्युअल मशीन म्हणतात तिला. नव्या कारभाऱ्याच्या आधिपत्याखाली एक कल्पित जुना संगणक उभा राहतो. त्याला बायोसही असते आणि जुन्या धर्तीची चकतीही. त्यात विंडोज एक्सपी बिनतक्रार नांदू लागला. महाजालाची वाट मात्र मी त्याला बंद ठेवली. ८ एप्रिल २०१४ नंतर त्याची डागडुजी थांबली आहे, आणि तटबंदी नसलेल्या घराची दारे उघडी ठेवू नयेत.

खुंटा लावला, आणि वडिलांची ओळखीची मराठी पडद्यावर उमटली.

तिथेच थांबण्याचा मोह झाला. पण या खुंट्याचेही आयुष्य मोजकेच. २०१५ सालच्या विंडोज १०चाही आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये सुटला; आजचे नवे उद्या जुने होणारच. म्हणून सारा मजकूर मी युनिकोडमध्ये उतरवावयास घेतला. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती नंतर. त्यामुळे वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसत. ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. वडील हयात असताना जी वही मी कधी उघडली नव्हती, ती अशी अक्षरशः वाचून काढली.

समई सापडली. काकूंच्या यजमानांचे नाव, समईचे वजन, आणि पुढे वडिलांचा शेरा: ‘नाव जाहीर करू नये, असे दात्याने सांगितले आहे.’

काकूंना बोलावून मी तो वाचून दाखविला आणि यादीत नाव घालावयाचे का, असे विचारले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यायनं नको म्हटलं न्, मंग नको. नोंद हाय, एवढंच पाह्यजे होतं.”

छापील यादीत ते नाव नाही. नोंद मात्र आता तीन ठिकाणी आहे, आणि चौथी प्रत चांगल्या कागदावर छापून विश्वस्तांच्या स्वाधीन केली आहे. विंडोज एक्सपी अजून त्या वाघिणीत आहे. परंतु त्याच्यावाचून आता कोणाचे अडणार नाही. जुन्याला सन्मानाने निवृत्त करावयाचे, तर त्याच्या हातचे काम आधी आपण शिकून घेतले पाहिजे.