अधांतरीं चेंडू

ज्या काळीं घरांत एकच रेडिओ असे त्या काळीं क्रिकेटच्या समालोचनांत खरखर सुरू झाली म्हणजे मंडळी आकाशाकडे पाहत. आज सामन्याचें चित्र मध्येंच थिजलें म्हणजे मंडळी एकमेकांकडे पाहतात. हा फरक आम्हांस किरकोळ वाटत नाहीं. आकाशाशीं भांडण करतां येत नसे, त्यामुळें अपराध कोणाचा हा प्रश्नच उद्भवत नसे; बाळ ज. पंडितांचा आवाज खरखरींत बुडाला तर तो पुन्हां वर येण्याची वाट पाहणें एवढेंच श्रोत्यांचें काम होतें. आतां घरांत राउटर आहे, रिमोट आहे, माणशीं एक मोबाइल आहे आणि दरमहा पैसे घेणारी कंपनी आहे; तेव्हां आरोपींची वाण नाहीं.

२०२५ सालीं २ नोव्हेंबर रोजीं नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसामुळें खेळ दोन तास उशिरां सुरू झाला होता आणि रात्र बरीच वर आली होती, तरी आमचे वडील खुर्चींतून हलले नव्हते. त्यांचें वय ८५. गुडघ्यांमुळें बाहेर जाणें बंद झालें आहे, आणि सामना हेंच आतां त्यांचें फिरणें. भारताच्या २९८ धावांचा पाठलाग करतांना दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्वार्ट शतक पुरें करून उभी होती; ती उभी आहे तोंवर कांहीं खरें नव्हतें. दीप्ति शर्माच्या चेंडूवर तिनें उंच फटका मारला, अमनज्योत कौर धांवली, चेंडू तिच्या हातांतून निसटून वर उडाला, आणि चित्र तेथेंच थांबलें. चेंडू अधांतरीं, अमनज्योत अर्धवट वांकलेली, आणि मधोमध एक वर्तुळ गरगर फिरत आहे. इतक्यांत शेजारच्या घरांतून आरोळी उठली.

वडिलांनीं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानें पुसला आणि पुन्हां लावला. आमचे चिरंजीव म्हणाले, “आबा, तुम्हीं रिमोटचें कांहीं दाबलें का?” वडील बोलले नाहींत. त्यांनीं रिमोट हळूच टेबलावर ठेवून दिला. झेल पाहावयास न मिळाल्यापेक्षां त्या रिमोट ठेवण्याचें आम्हांस अधिक वाईट वाटलें. म्हाताऱ्या माणसाचा आपल्या डोळ्यांवर आणि बोटांवर आधींच फारसा भरंवसा राहिलेला नसतो. यंत्राचा दोषहि तो मुकाट्यानें आपल्या खातीं मांडून घेतो. तेव्हां हा दोष खरोखर कोणाच्या खातीं मांडावयाचा याचा छडा लावावा असें आम्हीं मनांत घेतलें. आमचा विषय इंग्रजी वाङ्मय, आणि विजेशीं आमचा संबंध दिवा लावण्यापुरता; परंतु महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या तरुण सहकाऱ्यांनीं चहाच्या दोन-तीन बैठकींत जें समजावून दिलें त्यावरून आमची समजूत झाली ती अशी.

रेडिओ किंवा डिशवरील दूरदर्शन हें कीर्तनासारखें आहे. ऐकणारे शंभर असोत वा हजार, बुवांस बोलण्याचे श्रम सारखेच. इंटरनेटवरून दिसणारा सामना ही मात्र पंगत आहे. येथें प्रत्येक पानावर निराळें वाढावें लागतें. पानें वाढलीं कीं वाढपी वाढवावे लागतात. आपण समजतों कीं चित्राचा एक अखंड ओघ येत आहे. वास्तविक तें चित्र दोन-दोन, चार-चार, सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडून पाठविलें जातें, आणि आपला टीव्ही एकेक तुकडा मागून घेतो. एक तुकडा दाखवीत असतांना पुढचे कांहीं तुकडे तो जवळ सांठवून ठेवतो. वाढप्यास उशीर झाला तरी पानांतल्या दोन पुऱ्यांवर जेवणारा निभावून नेतो, तसेंच हें. सांठा संपला आणि पुढची पुरी आली नाहीं कीं तें वर्तुळ फिरूं लागतें.

मग रात्रभर चित्रपट पाहिला तरी तो अडखळत नाहीं आणि सामनाच कां अडखळतो? कारण चित्रपट आधींच तळून ठेवलेला आहे. वाटेल तितका पुढचा भाग ताटांत वाढून ठेवतां येतो. सामन्याचा पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नाहीं, तर तो वाढणार कोठून? जिवंत खेळाचा सांठा म्हणूनच फार थोडा असतो. वाट अरुंद झाली तर टीव्ही प्रथम हलक्या प्रतीचे तुकडे मागवितो: चेहरे पुसट होतात, चेंडू दिसेनासा होतो, धावफलकावरील आंकडे लोण्यासारखे पसरतात. अशा वेळीं आपण चिडतों. परंतु ती यंत्राची काटकसर आहे, पंगत उठूं नये म्हणून चाललेली.

आतां “नेमकें त्याच वेळीं” या तक्रारीविषयीं. फलंदाज चेंडू तटवीत बसला असतां चित्र सुरळीत चालतें आणि कसोटीचा क्षण आला कीं थिजतें, असें ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकूं येतें, आणि त्यांत दैवाचा खोडसाळपणा पाहण्याकडे आपला कल असतो. त्यांत दैव नाहीं, गणित आहे. कसोटीचा क्षण आला ही वार्ता आपणांस जशी लागते तशीच इतरांसहि लागते, आणि सारे एकदम पानावर येऊन बसतात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादेस विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असतां हॉटस्टारवर एकाच वेळीं ५ कोटि ९० लक्ष प्रेक्षक होते. २०११ च्या जनगणनेंत आमच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लक्ष ८६ हजार भरली. म्हणजे असले बावीस-तेवीस जिल्हे एका पंगतीस! ती पंगत बहुतांशीं सुरळीत उठली हें आम्हांस त्या अंतिम सामन्याच्या निकालाहून अधिक विस्मयकारक वाटतें. सर्वांस तें साधतेंच असें नाहीं. २०२२ च्या नोव्हेंबरांत कतार येथील फुटबॉल विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशीं जिओसिनेमावर चित्र अडखळल्याची ओरड देशभर झाली. १५ नोव्हेंबर २०२४ रोजीं टायसन आणि पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत दाखवितांना अमेरिकेंतील नेटफ्लिक्ससारख्या संपन्न संस्थेचीहि तारांबळ उडाली. आणखी एक गंमत अशी कीं लोक येण्याइतकेंच लोक उठण्याचेंहि भय असतें. आवडता फलंदाज बाद झाला कीं लक्षावधि माणसें एकदम मागें फिरण्याचें बटण दाबतात, आणि तो सारा लोंढा ॲपच्या पहिल्या पानावर येऊन आदळतो. प्रकट दिनीं शेगांवास गेलेल्या माणसास दरवाजा आंत शिरतांना जितका अरुंद वाटतो तितकाच बाहेर पडतांनाहि वाटतो.

अशा वेळीं घरांत बसून कांहीं करतां येण्यासारखें नसतें, आणि तें ओळखतां येणें हाच लाभ. शेजारीपाजारीं, नागपुरास, पुण्यास साऱ्यांचें एकदम थांबलें असेल तर राउटरच्या पाठीवर थापा मारणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. आमचें प्रकरण मात्र तसें नव्हतें. माडीवर राहणाऱ्या बिऱ्हाडकरूंच्या घरीं तोच सामना त्याच ॲपवर, निराळ्या जोडणीनें, न अडखळतां चालला होता. म्हणजे स्वयंपाकघर शाबूत होतें. मग आम्हीं मोबाइल घेऊन राउटरजवळ उभे राहिलों: तेथें चित्र स्वच्छ! म्हणजे बाहेरून घरापर्यंतची वाटहि मोकळी. तोच मोबाइल टीव्हीपाशीं नेला, आणि वर्तुळ फिरूं लागलें. दोष राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या पंचवीस पावलांत होता. आमचें घर जुनें, मातीच्या दोन हात जाड भिंतींचें. उन्हाळ्यांत या भिंतींसारखें सुख नाहीं, परंतु वाय-फायच्या लहरींस त्या आवडत नाहींत. त्यांत राउटर ओसरीवर, मध्यें दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. अशा घरीं राउटर मध्यभागीं, उंचावर व उघड्यावर ठेवावा; आणि टीव्ही जागचा हलत नाहीं त्या अर्थीं त्यास सरळ तारेनें जोडावा, हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आम्हीं तार ओढली. दोनशेंच्या आसपास खर्च आला.

थिजणें निराळें आणि कोसळणें निराळें, हा भेद घरोघरीं केला जात नाहीं. वर्तुळ फिरत राहिलें तर माल येत नाहीं. परंतु ॲप आपोआप बंद पडून टीव्हीचें पहिलें पान दिसूं लागलें, किंवा समालोचन चालू राहून चित्रच तेवढें गोठलें, तर संशय प्रथम यंत्रावर घ्यावा. सात-आठ वर्षांपूर्वींच्या टीव्हीची स्मरणशक्ति बेताची, आणि ॲप दर नव्या आवृत्तीबरोबर जड होत जातें. न वापरलीं जाणारीं ॲपें काढून टाकावीं, सांठलेला केर साफ करावा, आणि टीव्ही रिमोटनें न निजवितां भिंतीवरील बटणानें बंद करून मिनिटभरानें लावावा. रिमोटनें बंद केलेला टीव्ही बहुधा डुलकीच घेत असतो. मोबाइलच्या बाबतींत आमच्याकडील उन्हाळाहि ध्यानीं घ्यावयास हवा. आयपीएलचे सामने एप्रिल-मे महिन्यांत, आणि खामगांव-मलकापूरकडे त्या दिवसांत पारा चाळीसच्या वर. तापलेला मोबाइल स्वतःस वांचविण्यासाठीं आपला वेग कमी करतो. तो चार्जिंगला लावून उशीवर ठेवून सामना पाहणें म्हणजे तापकऱ्यास रजई पांघरणें आहे.

विजेची गोष्टहि अशीच. दिवे गेले तरी इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहतो, परंतु राउटर ज्या बटणावर आहे तें इन्व्हर्टरला जोडलेलेंच नसतें. जोडलेलें असलें तरी विजेची अदलाबदल होण्याच्या निमिषांत राउटर विझून पुन्हां जागा होतो, आणि पुरता सावध होईपर्यंत अर्धें षटक निघून जातें. त्याच्यासाठीं लहानसा स्वतंत्र बॅटरीचा डबा मिळतो, तो घेणें बरें.

आमच्या वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याची तक्रार होती कीं वीस षटकांचा सामना रोज दुसऱ्या डावांतच बंद पडतो, आणि तो या गोष्टीस सट्टेवाल्यांचें कारस्थान समजत असे. हिशेब मांडून पाहिला. मध्यम प्रतीचें चित्र सेकंदाला दीड मेगाबिट खातें, म्हणजे तासाला सुमारें पाऊण जीबीस थोडें कमी. त्याची योजना दिवसाला दीड जीबीची. दोन-सव्वादोन तासांत शिधा संपतो, म्हणजे दुसऱ्या डावाच्या चौथ्या-पांचव्या षटकाच्या सुमारास! त्यापुढें अशा योजनांत वेग बहुधा ६४ किलोबिटवर येतो. तेवढ्यांत निरोप जातो, चेंडू जात नाहीं. चित्राची प्रत एक पायरी उतरविल्यापासून त्याचा सामना शेवटपर्यंत चालतो. मोबाइलचा टॉवर तर गांवच्या विहिरीसारखा. पोहरे जितके अधिक तितकें प्रत्येकाच्या वांट्यास पाणी कमी. आणि बोथ्याच्या घाटांत, ज्ञानगंगेच्या अरण्यांतून एस. टी. चालली असतां जो प्रवासी चित्र थांबलें म्हणून कंपनीस बोल लावतो, त्यानें क्षणभर खिडकीबाहेर पाहावें हें उत्तम.

वडिलांस आम्हीं पंगतीचा दाखला देऊन हें सारें सांगितलें. भिंत, कपाट आणि राउटर यांचा पत्ता त्यांनीं बारकाईनें विचारून घेतला. नंतर चिरंजीवांस हाक मारून त्यांच्यासमोर तें पुन्हां एकदां आमच्याकडून वदवून घेतलें, आणि रिमोट उचलला.

एक दोष मात्र राहिला आहे, आणि तो तारेनें जाणारा नाहीं. तुकडे पाडणें, धाडणें, सांठविणें यांत वेळ मोडतोच. शेजाऱ्यांच्या डिशवर पडलेला बळी आमच्याकडे अर्ध्या-पाऊण मिनिटानें पडतो. शेजारी वकील आहेत, आणि त्यांचा आवाज न्यायालयास शोभेसा आहे. म्हणून सामना रंगांत आला कीं आम्ही त्या बाजूची खिडकी लावून घेतों, आणि वडिलांसाठीं पंखा एका घरानें वाढवितों.