सोळा देश आणि एक मंडी

मल्हारगंज, इंदूर

रविवार, २० ऑक्टोबर २०१९
स्वदेशी जागरण मंचाचं दहा दिवसांचं देशव्यापी आंदोलन आज संपलं. विरोध आरसेप कराराला. आसियानचे दहा देश, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आपण, असा हा सोळा देशांचा व्यापारगट. सरकार भाजपचं, मंच संघपरिवारातला, तरी तो मागे हटला नाही. १९९१ मध्ये तो उभा करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडींनी जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला कडाडून विरोध केला होता. शेतकरी नेते शरद जोशी त्याच वेळी शेतकऱ्यांच्या हितासाठीच डंकेलचं समर्थन करत होते. दोघांचीही तळमळ खरी होती. खुल्या बाजारात शेतकरी तरेल की बुडेल, हा त्यांच्यातला वाद आजही जिवंत आहे.

मंगळवार, २९ ऑक्टोबर, भाऊबीज
देवासकडून ताई आणि भावजी आले. यंदाच्या पावसाने सोयाबीन शेतातच काळं पडलं. भावजी म्हणाले, "बाहेरचं तेल स्वस्त आलं, तर मंडीत आमच्या मालाला विचारणार कोण?" जानेवारीपासून आसियान देशांच्या कच्च्या पाम तेलावरचं आयातशुल्क ४४ वरून ४० टक्क्यांवर आलंय, तेही जुन्या करारामुळेच. पण आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात पावशेर तेल घेणाऱ्या हम्मालाला तेच पाम तेल परवडतं. त्याचाही विचार कुणीतरी करायला हवा.

रविवार, ३ नोव्हेंबर
सोनिया गांधींनी काल पक्षाच्या बैठकीत आरसेपवर टीका केली. वाटाघाटी सुरू झाल्या २०१२ मध्ये, मनमोहनसिंग सरकारच्या काळात. आसियानशी मालव्यापाराचा करारही त्यांच्याच काळातला, २००९ चा. त्याच्या वाटाघाटी आदल्या वर्षी पूर्ण झाल्या, तेव्हा कमलनाथ वाणिज्यमंत्री होते. आज ते आपले मुख्यमंत्री आहेत. पक्षाने भूमिका बदलावी, त्यात गैर काही नाही. मात्र दहा वर्षांत काय कळलं, ते लोकांना सविस्तर सांगावं.

सोमवार, ४ नोव्हेंबर, रात्री
बँकॉकहून बातमी आली. भारत आरसेपमध्ये जाणार नाही. गांधीजींचा निकष आणि आपली सदसद्विवेकबुद्धी परवानगी देत नाही, असं पंतप्रधानांनी सांगितलं. या देशांशी आपली व्यापारतूट २०१८-१९ मध्ये सुमारे १०५ अब्ज डॉलर होती, त्यातली निम्मी एकट्या चीनशी. न्यूझीलंडच्या दूधभुकटीची धास्ती घेऊन सहकारी दूध संघ विरोधात उभे होते. शेतकरी संघटनांची निदर्शनंही देशभर आजच झाली. भावजींना लगेच फोन लावला. त्यांना हायसं वाटलं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
श्रेय दोन्ही पक्ष घेत आहेत. खरं तर दोघांचाही त्यात वाटा आहे. परिवारातल्या संघटनांनी आतून रेटलं, विरोधकांनी बाहेरून. हे सगळं घडलं ते रस्त्यावर आणि पक्षांच्या बैठकांत. आमच्या सुमित्राताई महाजन २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्या काळात वाटाघाटी चालूच होत्या, पण हा मसुदा मतदानासाठी सभागृहात आला नाही. आपल्याकडे परराष्ट्रांशी करार करणं हे सरकारचं काम. संसदेची संमती त्यासाठी सक्तीची नाही. कालचा निर्णय मला पटला. पण उद्या होकार द्यायचा झाला, तर तोही असाच होईल. म्हणून खासदारांना पत्र लिहिलं: पुढच्या कराराचा मसुदा सहीआधी सभागृहात मांडा, सोयाबीनवाल्याचं आणि पावशेर तेल घेणाऱ्याचं, दोघांचंही ऐका, आणि प्रत्येक पक्षाचं मत नोंदवून ठेवा.