जलसंगीची लिहिणारी

आमच्या भालकीकडच्या घरांत दोन भाषा नांदतात. माजघरात मराठी, अंगणात कानडी. 1956 साली बिदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तरी आम्ही देवनागरीच गिरवली. कानडी पुढे नोकरीपायी शिकलो.

मागल्या दिवाळीत कलबुर्गीहून नातीचे पत्र आले. भाषा मराठी, अक्षरे कानडी. मला राग आला. फोनवर म्हणालो, "आधी आपली अक्षरं शीक, मग पत्र लिही." पोर गप्प झाली. पुन्हा पत्र आले नाही.

संक्रांतीला ती आली, तेव्हा तिला घेऊन हुमनाबादजवळच्या जलसंगीला गेलो. तिथले महादेवाचे देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. कल्याणी म्हणजे आपले आजचे बसवकल्याण. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर दगडी सुंदऱ्या आहेत. त्यांतली एक लेखणी घेऊन लिहीत उभी आहे. तिने लिहिली आहे ती 1076 ते 1126 पर्यंत राज्य केलेल्या सहाव्या विक्रमादित्याची स्तुती.

नात जवळ जाऊन निरखू लागली. "आबा, एकदोन अक्षरं ओळखीची वाटतात. पण हे कानडी नाही."

"भाषा संस्कृत आहे," मी म्हणालो, "अक्षरं तेवढी जुनी कानडी."

बोलून गेलो आणि माझे मलाच ऐकू आले. नात काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तिथून चिंचोळीच्या रानाकडे निघालो. काळ्या शिवारातून गाडी टेकड्यांत शिरली. 2011 साली अभयारण्य झालेले हे रान हिवाळ्यात सुकू लागले होते. पुढे चंद्रमपल्लीच्या धरणाचे पाणी दिसले. या भागात लमाणांचे तांडे पुष्कळ. त्यांच्या बोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, इकडे कानडीत, तेलंगणात तेलुगूत. म्हणून तांड्यावरच्या आईची ओवी काही परकी होत नाही.

पाण्याकाठी भाकरी सोडली, तेव्हा मला घरातली ट्रंक आठवली. तीत आमच्या आजोबांच्या हातचे जमिनीचे कागद आहेत. भाषा मराठी, अक्षरे मोडी. मला त्यांतली एक ओळ वाचता येत नाही. आजोबांची अक्षरे मी हरवली, आणि रागावलो मात्र नातीवर! तिने तर भाषा राखली होती.

घरी आल्यावर ते पत्र कपाटातून काढले. उत्तर लिहिले. एक ओळ देवनागरीत, तिच्याखाली तीच ओळ कानडी अक्षरांत. हात थरथरला, कानडी वळणे बिघडली.

आठ दिवसांनी उत्तर आले. तिनेही तसेच दोन-दोन ओळींत लिहिले होते. देवनागरीत चुका बऱ्याच होत्या. मी लाल पेन हाती घेतले नाही.